एक कडेवर, एक पोटात: दुसऱ्यांदा दिवस असताना थोरल्या बाळाची वाढ कशी बघायची

माझी थोरली 10 महिन्यांची असताना मला परत दिवस गेले. बाळंतपणानंतर पाळी आलीच नव्हती, अंगावर पाजतेय म्हणजे काळजी नाही असं मी धरून चालले होते आणि मळमळायला लागलं तरी मला वाटलं पित्तच झालंय. आता थोरली साडेतीन वर्षांची आहे, धाकटा दोनचा. मधल्या त्या आठ महिन्यांत काय केलं, काय राहून गेलं आणि परत वेळ आली तर कसं करेन ते इथे ओळीने लिहितेय, ज्यांच्या कडेवर एक आणि पोटात एक आहे त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. अशा वेळी घरातल्या सगळ्यांना थोरल्याच्या प्रत्येक गोष्टीचं एकच कारण दिसायला लागतं. पोर किरकिरतंय, पाठचं येतंय म्हणून. खात नाही, पाठचं येतंय म्हणून. वाळलंय, रात्री उठतंय, अजून बोलत नाही, सगळं पाठचं येतंय म्हणून. ऐकून ऐकून आईलाही ते पटतं, आणि जे डॉक्टरांना दाखवायला पाहिजे ते दोन-तीन महिने तसंच राहून जातं. म्हणून थोरल्याचा हिशोब त्याचा त्याचा वेगळा ठेवायचा, पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पहिलं काम: तारीख पक्की करून घ्या

पाळी न येताच दिवस गेले असतील तर शेवटच्या पाळीची तारीख सांगताच येत नाही, आणि डिलिव्हरीची तारीख त्याच्यावरच काढतात. बीज आधी तयार होतं आणि पाळी नंतर येते, त्यामुळे पाळी सुरू व्हायच्या आधीही दिवस राहू शकतात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. अंगावरच्या दुधाचा भरवसा फक्त बाळ 6 महिन्यांच्या आतलं असेल, दुसरं काहीच खात-पीत नसेल आणि पाळी आलेली नसेल तेव्हाच, तिन्ही गोष्टी एकदम पाहिजेत. तर टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच लवकरची सोनोग्राफी करून घ्या, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत दिवस सगळ्यात बरोबर कळतात, नंतरच्या सोनोग्राफीत फरक पडत जातो.

12 आठवड्यांच्या आत नावनोंदणी करा. त्या वेळी मागच्या बाळंतपणाची फाईल न्यायचीच, आणि सिझेरियन झालं असेल तर ते का झालं, टाके कसे होते, हे लिहिलेला डिस्चार्जचा कागद हमखास न्या. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर नॉर्मलसाठी प्रयत्न करताना आतला जुना टाका उघडायचा धोका वाढतो, डॉक्टरांना तो हिशोब पहिल्या महिन्यापासून करावा लागतो. बाळ झाल्यावर पुढचे दिवस जाईपर्यंत निदान 2 वर्षं जाऊ द्यावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याचसाठी, आईचं रक्त भरून यायलाही वेळ लागतो, आणि फार लवकर दिवस राहिले तर बाळ दिवस भरायच्या आधी किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यता जास्त असते. पण एकदा राहिलेत म्हटल्यावर रडत बसण्यात अर्थ नाही, तपासण्या वेळेवर करायच्या.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचं लक्षात ठेवा. मागच्या वेळी दोन डोस पूर्ण झाले असतील आणि 3 वर्षांच्या आत परत दिवस गेले तर यावेळी टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा) एकच बूस्टर लागतो. मागचं कार्ड जवळ नसेल तर परत दोन टोचून घ्यावे लागतात, म्हणून कार्ड.

दुसरं: दोन कार्डं आणि एक वही

प्रत्येक गरोदरपणाला माता-बाल संरक्षण कार्ड नवीन मिळतं. थोरल्याचं कार्ड वेगळं, पोटातल्याचं वेगळं. आमच्याकडे दोन्ही एकाच पिशवीत, त्यात सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स, आणि ऐनवेळी हाताला नको तेच लागायचं. शेवटी मी थोरलीच्या कार्डाला लाल रिबीन बांधली. साधी गोष्ट आहे पण शेवटच्या महिन्यात मी आत ॲडमिट आणि बाहेरून सासूबाई विचारतायत "पोरीचं कार्ड कुठंय", तेव्हा "लाल रिबीनवालं" एवढं म्हटलं की काम झालं.

वही 100 पानी पुरे. मोबाईलमध्ये लिहू नका असं मी म्हणणार नाही पण मोबाईल तुमच्याकडे असतो आणि पोर आजीकडे, वही मात्र फ्रिजवर असते आणि कोणीही उघडून लिहू शकतं. डाव्या पानावर थोरलं, उजव्या पानावर पोटातलं. डावीकडे महिना, वजन, काय खाल्लं, नवीन काय करायला लागलं आणि कुठली गोष्ट अजून करत नाही. उजवीकडे वजन, बीपी, हिमोग्लोबिन, पुढची तारीख. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली असलं की ॲनिमिया धरतात, माझं 9.4 आलं होतं. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोनेक तास सोडायचे, आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नाही. मी पहिल्या वेळी दोन्ही चहाबरोबरच गिळायचे.

अंगणवाडीत थोरल्याचा आहार वेगळा आणि गरोदर बाईचा वेगळा मिळतो, 6 महिने ते 3 वर्षांच्या मुलाला आणि गरोदर बाईला दोघांनाही घरपोच पाकिटं असतात. दोन नावं लावायची. खूपजणी एकच नाव लावतात आणि घरात एकच पाकीट येतं.

तिसरं: महिन्यातला एक दिवस थोरल्याचा

मी थोरलीच्या जन्मतारखेचा आकडा धरला होता, दर महिन्याच्या 14 तारखेला. त्या दिवशी सकाळी अंगणवाडीत वजन, आणि दुपारी ती झोपून उठली की अर्धा तास चटईवर फक्त तिच्याबरोबर, मोबाईल आतल्या खोलीत. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची, 2016 पासून सुरू आहे, ती तारीख माझी. 9 माझी आणि 14 तिची, डोक्यात दोन्ही पक्कं बसलं.

वजन करताना काटा शून्यावर आहे का बघा, पोराचे जाड कपडे आणि पैंजण काढा, आणि रडत हातपाय झाडत असेल तर शांत होईपर्यंत थांबा. सेविकाताईंना घाई असते, त्यांच्यापुढे रांग असते, पण "ताई परत एकदा बघा" म्हणायला लाजायचं नाही. वजन नुसतं ऐकून घरी यायचं नाही, कार्डावरच्या तक्त्यात टिंब काढून मागच्या टिंबाला जोडून घ्यायचं. मुलींचा तक्ता गुलाबी आणि मुलांचा निळा, चुकून दुसऱ्या पानावर भरलेलंही मी बघितलंय.

आता इथे जरा थांबते कारण माझी चूक इथेच झाली. थोरलीचं वजन अकराव्या महिन्यात 8 किलो 100 ग्रॅम होतं. बाराव्यात 8.1. तेराव्यात पण 8.1. टिंब हिरव्या, म्हणजे वजन ठीक असल्याच्या पट्ट्यातच होतं त्यामुळे सगळे म्हणाले हिरव्यात आहे ना मग झालं, दात येतायत, आणि अर्थातच पाठचं येतंय. मला स्वतःला उलट्यांनी इतकं गळून गेल्यासारखं झालेलं की मी पण हो म्हटलं. पण तीन टिंबं जोडल्यावर रेघ आडवी दिसत होती, काड्यापेटीतली काडी आडवी ठेवावी तशी. वर्षाच्या आसपास महिन्याला साधारण 200 ते 250 ग्रॅम वजन वाढायला पाहिजे. रेघ कुठल्या रंगात आहे याच्याइतकंच ती वर चढतेय का हे महत्त्वाचं, आडवी झाली की एक महिना बघायचं, दुसऱ्या महिन्यातही आडवीच राहिली तर दाखवायचं, आणि खाली उतरली तर लगेच.

बाळाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अंगावरचं दूध किती येतंय आता?"

चौथं: दूध आणि ताट

गरोदरपणात पाजलं तर पोटातल्याला बाधतं, पाजलं तर थोरल्याला जुलाब लागतात, दूध "कच्चं" होतं, असं बरंच ऐकवलं जातं. साध्या, काही अडचण नसलेल्या गरोदरपणात पाजायला हरकत नसते. मागे दिवस भरायच्या आधी बाळंतपण झालं असेल, आता रक्त जात असेल, पोटात कळा येत असतील किंवा जुळं असेल तर मात्र गायनॅकना विचारल्याशिवाय पाजू नका. पण खरी गोष्ट वेगळीच आहे, दूध आपोआप कमी होतं. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमाराला ते चिकासारखं व्हायला लागतं, चव बदलते, काही पोरं स्वतःहून सोडतात. पोर छातीला लागून झोपतं म्हणून आईला वाटतं पितंय, आणि प्रत्यक्षात पोटात फार काही जात नाही. माझ्याकडे हेच झालं होतं. ती रात्री चार-चार वेळा उठून प्यायची आणि मी म्हणायचे एवढं पितेय तर जेवली नाही तरी चालेल.

क्वाशिओरकर हा शब्द आपण शाळेत वाचलेला असतो, प्रथिनं कमी पडून पाय सुजतात तो आजार. हा शब्द मूळचा आफ्रिकेतल्या घाना देशातला, तिथल्या गा भाषेतला, आणि त्याचा अर्थच मुळी पाठचं भावंड आलं की थोरल्याला होणारा आजार असा आहे. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई तिथे काम करायच्या, त्यांनी 1935 मध्ये हे नाव वैद्यकीय जगापुढे आणलं. म्हणजे आपल्या आज्या म्हणतात "पाठचं आलं की थोरलं वाळतं" ते बघणं खोटं नव्हतं, फक्त त्याचं कारण दृष्ट नाही आणि नशीबही नाही. अंगावरचं दूध तुटतं आणि त्याच्या जागी तितक्या ताकदीचं खाणं ताटात येत नाही, एवढंच. हे कळल्यावर मला खूप हलकं वाटलं कारण ताट माझ्या हातात होतं.

तर ताट असं. 9 ते 12 महिन्यांत 250 मिलीची वाटी धरली तर प्रत्येक वेळी अर्धी वाटी, दिवसातून 3-4 वेळा, मध्ये एक-दोनदा काहीतरी चाऊमाऊ. वर्ष झालं की पाऊण ते एक वाटी. अंगावरचं जवळजवळ बंद झालं असेल तर एक-दोन खाणी जास्त. पातळ वरणाच्या पाण्याने पोट भरतं पण वजन भरत नाही, घट्ट वरणभात, वर चमचाभर तूप, मऊ खिचडीत शेंगदाण्याचं बारीक कूट, अंडं, दही, नाचणीची लापशी, केळं. अख्खा शेंगदाणा नको, घशात अडकतो. वर्षाच्या आत मध नको, आणि गाईम्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून नको, तेव्हा अंगावरचं कमी पडत असेल तर काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारून. वर्षानंतर वरचं दूध चालतं पण दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, दुधानेच पोट भरलेलं पोर जेवत नाही आणि रक्त कमी होतं. लोहाचं सिरप 6 महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिली मिळतं, आशाताईंकडे मागा.

चौदाव्या महिन्यात आमचं 8.4 आलं, पंधराव्यात 8.7. रेघ उचलली.

पाचवं: काय करायला लागलं ते कसं बघायचं

शेजारच्या पोराशी तुलना करू नका हे सगळेच सांगतात, मग कशाशी करायची ते कोणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी मुलं बघून काढलेले हे आकडे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होते. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने. हातागुडघ्यांवर रांगणं 5.2 ते 13.5, आणि काही मुलं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. धरून चालणं 5.9 ते 13.7. एकटं उभं राहणं 6.9 ते 16.9. एकटं चालणं 8.2 ते 17.6. बघा केवढी मोठी मुभा आहे. जाऊबाईंचं दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं सोळाव्यात, दोन्ही ठीकच. पण मुभेला शेवट आहे, 18 महिने झाले आणि चालत नाही म्हणजे दाखवायचं. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं असेल तर 2 वर्षांपर्यंत वय जन्मतारखेवरून धरत नाहीत, डिलिव्हरीच्या ठरलेल्या तारखेवरून धरतात.

चालण्याकडे सगळं घर बघत असतं, बाकीच्या गोष्टी निसटतात, आणि माझ्या मते त्याच जास्त बघायला पाहिजेत. चटईवर बसून करायच्या या अगदी साध्या गोष्टी आहेत, वाकावं लागत नाही, गरोदरपणाच्या आठव्या महिन्यातही जमतात. मागून हळूच नावाने हाक मारा, वळून बघतं का. वाटीखाली चेंडू लपवा, वाटी उचलून शोधतं का. चपातीचा कण ताटात टाका, अंगठा आणि शेजारच्या बोटाने उचलतं का. एकच हात सारखा वापरत असेल आणि दुसरा बाजूलाच राहत असेल, तेही दीड वर्षाच्या आत, तर "डावखुरं होणार" म्हणून सोडून देऊ नका, दाखवा.

आणि बोट दाखवणं. आमच्या खिडकीच्या गजावर रोज अकराच्या सुमाराला कावळा यायचा. तेराव्या महिन्यातली गोष्ट, मी जमिनीवर पाय पसरून मेथी निवडत होते, ती कपाटाला धरून उभी. कावळा आला. तिने कावळ्याकडे बोट केलं, मग मान वळवून माझ्याकडे बघितलं, परत कावळ्याकडे. तोंडातून फक्त "का". मागायचं काहीच नव्हतं, फक्त मलाही दिसू दे म्हणून दाखवत होती. त्या दिवशीच्या पानावर मेथीच्या हाताचा हिरवा डाग आहे अजून. बोट दाखवून मग आपल्याकडे बघणं, ही गोष्ट बोलण्याच्या आधीची मोठी पायरी आहे. वर्ष झालं तरी हातवारे काहीच नाहीत, टाटा नाही, बोट नाही, 16 महिन्यांपर्यंत अर्थाचा एकही शब्द नाही, 2 वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, तर थांबायचं नाही. "मुलगे उशिरा बोलतात" हे ऐकून तर अजिबात थांबायचं नाही. पहिल्यांदा कान तपासून घ्या.

दिवसभर गळून गेलेलं असताना मोबाईल हातात देणं किती सोपं असतं ते मला माहितीये. दोन वर्षांच्या आत शक्यतो नकोच, आणि दिलाच गेला तर वहीत किती वेळ ते खरं लिहा. मी एका आठवड्यात लिहून बघितलं आणि मग सासऱ्यांना संध्याकाळी तिला मारुतीच्या देवळापर्यंत फिरवून आणायला लावलं.

दाखवायचं कुठे? बाळाचे नेहमीचे डॉक्टर आहेतच. नाहीतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, ती तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा, आणि गरज पडली तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथे तपासणी आणि उपचार मोफत असतात.

सहावं: पोटातल्याकडेही बघा

थोरल्यामागे पळताना पोटातलं बाळ किती हललं हे खरंच कळत नाही. दुसऱ्या वेळी हालचाल जरा लवकर, चौथ्या-पाचव्या महिन्यातच जाणवते, पण लक्ष द्यायला वेळ कुठे असतो. सातव्या महिन्यापासून मी दुपारी थोरली झोपली की डाव्या कुशीवर पडायचे आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हरभरे टाकत हालचाली मोजायचे, 2 तासांत 10 पाहिजेत, बहुतेक वेळा अर्ध्या तासातच व्हायच्या. झाल्या नाहीत किंवा नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं फार दुखून डोळ्यापुढे अंधुक होणं, तोंडावर सूज, यातलं काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, 108 ला फोन.

थोरल्याला उचलायचं की नाही? सगळं व्यवस्थित असेल तर उचलू शकता, कमरेत वाकून नाही तर गुडघ्यात बसून, अंगाजवळ धरून. आम्ही एक सवय लावली, मी दिवाणावर बसायचे आणि ती स्वतः चढून यायची. वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा डॉक्टरांनी आराम सांगितला असेल तर उचलणं बंद, मांडीवर घेणं चालू.

सातवं: लसी डिलिव्हरीच्या आधी उरका

अंतर आमच्यासारखं असेल तर नेमकी अडचण येते ती इथे. 9 महिने पूर्ण झाल्यावरची लस, म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस, हे बहुतेकांचं होऊन जातं. पुढचं 16 ते 24 महिन्यांत असतं, गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओचा बूस्टर, आणि तेव्हाच तुम्ही बाळंतपणाला माहेरी. मग सव्वा महिना, मग धाकट्याच्या दीड महिन्याच्या लसी, आणि थोरल्याचं राहतं ते राहतंच. 16 महिने पूर्ण झाले की पहिल्याच लसीकरणाच्या दिवशी उरकून टाका. त्या दिवशी उपकेंद्रावर गरोदर बायकांचीही तपासणी असते, एका फेरीत दोन्ही. माहेरी जाताना दोन्ही कार्डं बरोबर.

आठवं: धाकटं आल्यावर

थोरलं परत मांडीवर झोपायला मागतं, बाटली मागतं, भरवा म्हणतं, शू सांगायचं विसरतं. हे होतं आणि हळूहळू जातं, ओरडायचं नाही. पण येत असलेले शब्द गेले, नावाने हाक मारली तर बघायचं बंद झालं, डोळ्यात डोळे घालून बघत नाही, चालणं बिघडलं, हे भावंडामुळे होत नाही. आलेली गोष्ट गेली तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर. बाळंतिणीने सव्वा महिना बाहेर पडायचं नसेल तर बाबांनी न्यावं, वही घेऊन.

थोरलं अजून अंगावर पीत असेल तर आधी धाकट्याला पाजायचं, पहिल्या दिवसांचा चीक त्याचा आहे, मग थोरल्याला. दोघांना एकदम पाजता येतं, मी तीन आठवडे केलं आणि मग थोरलीनेच सोडलं.

आणि दवाखान्यातून घरी यायच्या आधी पाळणा कसा लांबवायचा ते डॉक्टरांशी बोलून घ्या. तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत तिथेच बसवता येते, त्यासाठी परत वेगळी चक्कर लागत नाही. माझ्या पहिल्या वेळी हा विषय कोणी काढला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं, दुसऱ्या वेळी कळा सुरू व्हायच्या आधीच उजव्या पानावर लिहून ठेवलं होतं.